झाडीपट्टीतील बदकांचा हिवाळा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे नाव उन्हाळ्याशी इतके घट्ट बांधले गेले आहे, की तेथील हिवाळ्याकडे बाहेरच्यांचे सहसा लक्ष जात नाही. मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे ठरल्यासारखी येतात. पण समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात हवा जशी लवकर तापते तशीच ती लवकर निवतेही. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे दिवसभर जमिनीत साठलेली उष्णता रात्री भराभर निघून जाते, त्यात उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यांची भर पडते, आणि डिसेंबर-जानेवारीतील पहाटेला पारा कित्येकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. त्याच दिवशी दुपारी तो २८ अंशांपर्यंत चढलेलाही असतो. पहाट आणि दुपार यांच्यातील ही जवळपास १८ ते २० अंशांची तफावत हे इथल्या हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य असून, परसात पाळलेल्या बदकांची हिवाळी व्यवस्था ठरवताना नुसत्या किमान तापमानाच्या आकड्यापेक्षा ही तफावतच अधिक विचारात घ्यावी लागते.

पूर्व विदर्भातील हा ‘झाडीपट्टी’ म्हणवला जाणारा भाग धानाचा आणि तलावांचा आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना बोलीत आणि सरकारी कागदांतही ‘मामा तलाव’ म्हटले जाते, गावोगावच्या लहान बोड्या, आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या धानाच्या बांध्या यांमुळे बदकाला आवडावे असे सर्व काही इथे आहे. असे असूनही परसात कोंबड्याच अधिक दिसतात आणि बदके असलीच तर ती चार-सहांच्या टोळीने, कोंबड्यांच्याच खुराड्यात दाटीवाटीने राहतात. ही दाटीवाटी हिवाळ्यात त्यांना बाधते, कारण कोंबडी आणि बदक यांच्या गरजा वरवर सारख्या दिसल्या तरी थंडीच्या बाबतीत त्या बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि कोंबडीसाठी केलेली ऊब बदकाला अनेकदा आजारी पाडते.

मस्कोव्ही ही दक्षिण अमेरिकेतून जगभर पोहोचलेली जात वगळली, तर पाळीव बदकांच्या बहुतेक साऱ्या जाती ‘मॅलार्ड’ या उत्तर गोलार्धातील रानबदकापासून माणसाळलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झालेले आणि वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊ शकणारे खाकी कॅम्पबेल, मांसासाठी वाढवले जाणारे चिनी वंशाचे पांढरे पेकिन, आणि भारतातील देशी बदके या सर्वांच्या अंगी बर्फाळ प्रदेशात तग धरणाऱ्या त्या पूर्वजाची ठेवण उतरलेली आहे. काश्मीरमध्ये दल आणि वुलर सरोवरांच्या काठची कुटुंबे ‘चिल्ले कलां’ नावाच्या चाळीस दिवसांच्या कडाक्यातही बदके पाळतात, ते याच ठेवणीच्या बळावर. त्या मानाने गडचिरोलीची पहाट बदकाला सौम्यच वाटत असावी.

या ठेवणीचे तीन भाग आहेत. पहिला भाग पिसांचा. वरच्या कणखर पिसांखाली मऊ लव असते आणि त्या लवेत अडकलेली हवा शरीराच्या सुमारे ४१ ते ४२ अंशांच्या उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. दुसरा भाग तेलाचा. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून बदक चोचीने तेल घेते आणि ते सर्वांगाला लावत पिसे विंचरते. या विंचरण्यामुळे पिसे एकमेकांत नीट गुंततात आणि पाणी वरच्या वर ओघळून जाते. तिसरा भाग पायांचा असून तो सर्वांत विस्मयकारक आहे. बदकाच्या पायांवर पिसे नसतात, तरी गार पाण्यात तासन्‌तास उभे राहूनही त्याचे अंग थंड पडत नाही, कारण पायात उतरणाऱ्या धमन्या आणि पायातून वर येणाऱ्या नीला एकमेकींना लगटून गेलेल्या असतात. खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच आपली उष्णता देऊन टाकते, त्यामुळे पंजापर्यंत पोहोचणारे रक्त मुळात निवलेले असते आणि बाहेर वाया जाण्याजोगी उष्णता त्यात फारशी उरत नाही. शास्त्रात या योजनेला प्रतिप्रवाही उष्णता-विनिमय म्हणतात. एक पाय पोटाखाली ओढून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेले बदक थंडीने काकडलेले नसते, तर उघड्या राहणाऱ्या दोन्ही जागा झाकून निवांत झोपलेले असते. ते पाहून गोणपाट शोधायला धावण्याचे कारण नाही. मस्कोव्हीच्या चेहऱ्यावर मात्र उघडी लाल कातडी असते आणि तिचे मूळही उष्ण प्रदेशातले आहे, म्हणून आडोशाची गरज तिला इतरांहून अधिक भासते.

थंडीचा इतका चांगला बंदोबस्त असलेल्या पक्ष्याला हिवाळा जड जातो तो ओलीमुळे. बदकाच्या विष्ठेत सुमारे ९० टक्के पाणी असते, शिवाय ते पाणी पिताना चोचीने चौफेर उडवते, आणि कोंबडीसारखे दांडीवर न बसता रात्रभर जमिनीवरच बसून राहते. सात-आठ बदके एका रात्रीत खुराड्याची जमीन किती भिजवतात, हे सकाळी हात लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओल्या जमिनीवर छाती टेकून बसलेल्या बदकाची पोटाकडील पिसे चिखलाने चिकटतात, त्यांतील हवेचा थर नाहीसा होतो, आणि तेलाने राखलेले सगळे संरक्षण तिथल्या तिथे संपते. ओलीचा दुसरा परिणाम हवेवर होतो. विष्ठेतील यूरिक आम्लाचे ओलाव्यात जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया हा झोंबणारा वायू तयार होतो; तो डोळ्यांची आणि श्वासनलिकेची आतली त्वचा चुरचुरवतो आणि त्यातून पुढे श्वसनाचे आजार जडतात. उभ्या माणसाच्या नाकाला जो वास येत नाही, तो जमिनीपासून वीतभर उंचीवर असलेल्या बदकाला मात्र रात्रभर सोसावा लागतो, म्हणून खुराड्याची हवा तपासायची तर पहाटे दार उघडताच बदकाच्या उंचीइतके खाली वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर गादी बदलण्याची वेळ उलटून गेली आहे, असे समजावे.

गादी म्हणजे जमिनीवर पसरलेला शोषक थर. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत तिला ‘लिटर’ म्हणतात, आणि या दोन जिल्ह्यांत तिच्यासाठी लागणारा माल जवळजवळ फुकट मिळतो. मळणीनंतर उरलेले धानाचे तणस, राईस मिलमधून निघणारा तूस, म्हणजे धानाचे बाहेरचे टरफल, आणि आरागिरणीवरचा लाकडाचा भुसा हे तिन्ही चालतात. खाली तुसाचा चारेक इंचांचा थर आणि त्यावर आखूड तोडलेले तणस अशी रचना सोयीची ठरते, कारण तूस ओल शोषतो आणि तणस बदकाला त्या ओलीपासून उचलून धरते. रोज सकाळी वरचे भिजलेले तणस काढून किंवा उलटे करून कोरडे घालत गेल्यास ही गादी जाड होत जाते, खालचे थर कुजताना थोडी ऊबही देतात, आणि ती पूर्ण उपसण्याची गरज हिवाळ्यात एक-दोनदाच पडते. भिजून बुरशी धरलेले तणस मात्र कितीही स्वस्त पडले तरी वापरू नये. त्यातील ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत शिरतात, आणि पिलांमध्ये तर त्यामुळे मृत्यूंची साखळीच लागते.

घराची जागा आणि बांधणी यांबाबत स्थानिक हिवाळ्याचा स्वभाव पुन्हा आठवावा लागतो. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साठते. म्हणून नाल्याकाठी किंवा बोडीच्या पाळीखाली बांधलेले खुराडे पाण्याला जवळ असले तरी रात्री सर्वांत गार आणि दहिवराने सर्वांत ओले असते. चार-पाच हात उंचावरची, सकाळचे ऊन पडेल अशी जागा केव्हाही बरी. एका बदकाला रात्रीसाठी साधारण ४ चौरस फूट हिशेबाने दहा बदकांना आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद घर पुरते. बांबूची या भागात वाण नाही, आणि बांबूच्या तट्ट्यांना आतून माती-शेणाने लिंपून केलेला कुड वारा अडवण्यास उत्तम. तथापि हा लेप छतापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. खालचे दोन-अडीच फूट, म्हणजे बसलेल्या बदकाच्या डोक्याच्या बऱ्याच वरपर्यंत, भिंत बंद असावी, आणि छपराखाली सगळीकडून वीतभर उघडी फट असावी, जेणेकरून वारा अंगावर न येता दमट हवा वरून निघून जाईल. उत्तरेकडच्या बाजूला रात्री बारदान सोडले तर ते सकाळी गुंडाळून वर बांधलेच पाहिजे. सकाळी ८ अंश असलेली हवा दुपारी २८ अंशांवर जाते तेव्हा झाकलेल्या घरातली ओल वाफ होऊन तिथेच कोंडते. घरात निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल तर दुहेरी घातक आहे, कारण एकीकडे तणसाला आग लागण्याचे भय आणि दुसरीकडे धुराचा व कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा कोंडमारा, आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था अशा वायूंना माणसापेक्षा लवकर बळी पडते. प्रौढ बदकाला कृत्रिम उष्णता लागतच नाही.

ओलीची इतकी धास्ती घेतली म्हणजे बदकाला पाण्यापासूनच तोडावे असा समज होतो, आणि काही घरी थंडीत तसे केलेही जाते. हा उपाय रोगाहून वाईट. डोळे आणि नाकपुड्या धुण्यासाठी बदकाला डोके पूर्ण बुडवता आले पाहिजे, आणि अंघोळ केल्यानंतरच ते तेल लावून पिसे नीट विंचरते, त्यामुळे अंघोळ तुटली की पिसांची पाणी परतवण्याची शक्तीही हळूहळू कमी होते. सहा-आठ इंच खोल भांडे, ते शक्यतो घराबाहेर आणि वाळू किंवा गिट्टीच्या थरावर, एवढी सोय पुरेशी आहे. पाणी सकाळी उन्हे वर आल्यावर भरावे. तलावावर जाणारी बदके उशिरा सोडली तरी चालतात, किंबहुना उशिरा सोडणेच हिताचे, कारण मादी बहुधा पहाटे ते सकाळी नऊपर्यंत अंडे घालते आणि लवकर सुटलेल्या माद्यांची अंडी बोडीच्या गाळात हरवतात. संध्याकाळी पिसे सुकण्यापुरते ऊन उरलेले असतानाच त्यांना परत वळवावे.

खाद्याचा प्रश्न हिवाळ्यात एका बाजूने सोपा आणि दुसऱ्या बाजूने धोक्याचा होतो. सोपा अशासाठी, की धानकापणीनंतर बांध्यांत सांडलेला सरवा, गोगलगायी आणि किडे बदके स्वतःच वेचून खातात. दक्षिणेतील भटके बदकपालक हजारो बदकांचे कळप याच सरव्यावर गावोगाव चारत नेतात. अंड्यावरील मादीला दिवसाला सुमारे १५० ग्रॅम खाद्य लागते, त्यातील बराच वाटा मोकळ्या चरण्यातून निघतो, आणि उरलेला वाटा संध्याकाळी धान, मका किंवा ज्वारीच्या अख्ख्या दाण्यांत दिला तर रात्रभर चालणाऱ्या पचनाची उष्णता अंगी लागते. राईस मिलमधील कोंडा, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणारी तेलकट पूड, पौष्टिक असली तरी लवकर खवट होते, म्हणून ती महिन्याची एकदम आणून ठेवू नये. बदकाला ‘ब’ गटातील नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या जवळपास दुप्पट लागते आणि ते कमी पडले की वाढत्या पिलांचे पाय वाकतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढवलेल्या पिलांत ही खोड दिसते आणि लोक तिचा दोष थंडीला देतात.

धोका आहे तो बुरशीचा. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस लागलेला धान, नीट न वाळवता पोत्यात भरलेला मका, आणि दमट कोपऱ्यात ठेवलेली शेंगदाण्याची ढेप यांवर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृत नासवणारे विष तयार करते. या विषाचा शोधच मुळी पक्ष्यांच्या मृत्यूंतून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी, आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिले, अज्ञात रोगाने मेली. तपासाअंती ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा-ढेपेत हे विष सापडले. पाळीव पक्ष्यांत बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे निघाले, की पुढे खाद्यातील अफ्लाटॉक्सिन ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत बदकाच्या पिलांवरच चाचण्या होत असत. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. माणसाने खाण्यालायक नाही म्हणून बाजूला काढलेले काळपट दाणे बदकांपुढे टाकण्याची पद्धत काटकसरीची वाटते, परंतु कोंबड्या धडधाकट राहून बदके एकेक करून मरू लागली तर संशयाची सुई आधी त्या पोत्याकडे वळवली पाहिजे.

हिवाळ्यात अंडी कमी होतात, त्यामागे मात्र थंडीपेक्षा उजेडाचा हात अधिक असतो. विसाव्या अक्षांशाच्या आसपासच्या या प्रदेशात डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, आणि भरघोस अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. पहाटे दोन-तीन तास एक लहान दिवा लावून हे अंतर भरता येते; ज्यांना अंडी विकायची नाहीत त्यांनी मादीला ही विश्रांती खुशाल मिळू द्यावी.

पिलांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगावर फक्त लव असते, तैलग्रंथी अजून कामाला लागलेली नसते, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते, जी पुढे आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. गावांत बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवण्याचा प्रघात आहे आणि तो सोयीचाही आहे. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत आणि मस्कोव्हीची ३५ दिवसांत, एवढा फरक लक्षात ठेवून कोंबडीच्या खाण्यापिण्याची काळजी घेतली की पिले निघतात. अडचण पुढे येते. बदकीण आपल्या पिसांचे तेल पोटाखालच्या पिलांना आपसूक लावते, कोंबडीकडून ते मिळत नाही, आणि दोन दिवसांची ती पिले पाणी दिसताच त्यात उतरतात व भिजून गारठतात. जानेवारीतील बहुतेक पिले अशीच दगावतात. म्हणून कोंबडीखालच्या पिलांना पिण्यापुरतेच उथळ पाणी द्यावे, त्यात गिट्टी टाकून त्यांना आत बसता येणार नाही असे करावे, आणि पिसे पुरती येईपर्यंत त्यांना तलाव दाखवू नये. थंडीत अंडी बसवायचीच नाहीत असे ठरवले तर हा सारा खटाटोप वाचतो.

जंगलाच्या कुशीतील गावांत रात्रीचे दार ही थंडीइतकीच महत्त्वाची बाब आहे. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि प्रसंगी बिबट्या यांना लांब रात्रीत पुरेसा वेळ मिळतो. बदकांचीही पहारा देण्याची एक रीत आहे: कळपाच्या कडेला झोपलेले बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवते आणि मेंदूचा अर्धा भाग जागा राखते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये मॅलार्ड बदकांवर दाखवून दिले. पण बदक ओरडून उठवणार कोणाला, हा प्रश्न उरतोच, कारण दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगावच्या मंडईत रात्रभर प्रयोग करतात, आणि घरेच्या घरे रिकामी होतात. दिवस मावळण्याआधी बदके आत घेऊन, जमिनीलगतच्या फटी बारीक जाळीने बंद करून आणि अडसर लावूनच नाटकाला निघावे.

हिवाळा या प्रदेशात आणखी एक पाहुणा आणतो. सैबेरिया, तिबेट आणि लडाखच्या बाजूने आलेली तलवार बदके, चक्रवाक आणि पट्टकादंब हंस मामा तलावांवर उतरतात आणि इथल्या अडई बदकांत मिसळतात. या रानपाखरांमधून बर्ड फ्लूचे विषाणू पसरू शकतात, आणि पाळीव बदकाचे वैशिष्ट्य असे, की पुष्कळदा स्वतः आजारी न दिसता ते हा विषाणू बाळगते आणि शेजारच्या कोंबड्यांना देते. देशातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात झाला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गाव बाधित झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथील कोंबड्यांत हा रोग आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने मेल्याचे उघड झाले. हे सारे उद्रेक हिवाळ्यातले आहेत. त्यामुळे बदके आणि कोंबड्या वेगवेगळ्या घरांत ठेवणे, पाहुण्या पाखरांनी गजबजलेल्या तलावावर डिसेंबर ते फेब्रुवारी बदके न सोडणे, आणि दाणा-पाणी रानपाखरांच्या आवाक्यात उघडे न ठेवणे या गोष्टी ऊब देण्याच्या कोणत्याही उपायापेक्षा जास्त मोलाच्या ठरतात. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते नाल्यात न फेकता, उघड्या हाताने न हाताळता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तातडीने कळवावे. नीट शिजवलेली अंडी आणि मांस यांच्या बाबतीत भीती बाळगण्याचे कारण नाही.

महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याची जत्रा भरते तोवर पहाटेचा गारवा ओसरू लागलेला असतो. तेव्हा उत्तरेकडची बारदाने उतरवावीत, महिनोन्‌महिने साचलेली गादी तळापासून उपसून खड्ड्यात कुजत घालावी, म्हणजे जूनमध्ये धानाच्या पऱ्ह्यांना तिचे खत होते, आणि रिकाम्या झालेल्या बांबूंवर सावलीसाठी उरलेले तणस अंथरायला घ्यावे, कारण बदकाला खरोखर सोसवत नाही तो चंद्रपूरचा उन्हाळा आता जेमतेम महिन्यावर आलेला असतो.